भिंत जाड आहे म्हणून...

मस्तगडाजवळच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन-दोन हात जाड. "गडासारखं घर आहे गं," असं सासूबाई कौतुकानं सांगतात. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत पोटातून फुगली आणि मला किल्लारी आठवली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. त्यांच्याही भिंती जाडजूडच होत्या! पण दगड मातीत रचलेले, आतली-बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नाही आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा बोजा.

पुढे पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. पक्कं घर कसं बांधायचं, हे त्या घरोघर सांगत.

आमचा गवंडी म्हणाला, "ताई, वरून सिमेंट मारतो, काही दिसणार नाही."

"भाऊ, दिसायचं राहू द्या, पडायला नको!"

आधी इंजिनिअरला दाखवलं. माळवदावरची जादा माती उतरवली. टेकू देऊन फुगलेला भाग काढला आणि नव्यानं बांधताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातले. सासूबाई आधी रुसल्या. आता त्याच शेजारणींना ते दगड दाखवतात.

मैत्रिणींनो, दिवाळीचा रंग काढण्याआधी एकदा भिंतीवरून हात फिरवून बघा. घर आपल्यालाच जास्त ठाऊक असतं, नाही का?