लिनक्स संगणकांमधील फाइल-देवाणघेवाण अडल्यास तपास क्रमाने हवा

घरातील एका लिनक्स संगणकावरील छायाचित्रे वा कागदपत्रे दुसऱ्या संगणकावर उघडत नाहीत, तेव्हा फायरवॉल बंद करण्याचा किंवा फोल्डर सर्वांसाठी खुले करण्याचा उपाय अनेकदा घाईने केला जातो. त्याने अडचण सुटली तरी मूळ कारण कळत नाही आणि खासगी फाइली मात्र असुरक्षित होतात. क्रमाने तपास केल्यास हा धोका टळतो.

अशा देवाणघेवाणीसाठी लिनक्सवर प्रामुख्याने दोन प्रणाली वापरल्या जातात. एनएफएस ही सन मायक्रोसिस्टम्स कंपनीने १९८४ मध्ये विकसित केली, तर सांबा ही ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केली. सांबा विंडोजच्या एसएमबी या संदेशपद्धतीनुसार चालते.

पहिली पायरी जोडणीची आहे. ‘पिंग’ आज्ञेने दुसऱ्या संगणकाच्या आयपी पत्त्यावरून प्रतिसाद मिळतो का, ते पाहावे. एखादा संगणक पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असल्यास राउटर त्याला इतरांपासून वेगळे ठेवू शकतो. राउटरने दिलेला पत्ता बदलला असण्याचीही शक्यता असते. फाइली पुरविणाऱ्या संगणकासाठी राउटरमध्ये कायम पत्ता राखून ठेवणे सोयीचे ठरते.

जोडणी असूनही ‘नेटवर्क’च्या यादीत संगणक दिसत नसेल, तर देवाणघेवाण बंदच आहे असे नाही. ही यादी पूर्वी एसएमबी-१ या जुन्या आवृत्तीवर अवलंबून होती. २०१९ मधील सांबा ४.११ पासून ती मूलतः बंद ठेवलेली असते. यादीऐवजी फाइल व्यवस्थापकात थेट आयपी पत्ता लिहून पाहावा. एसएमबी-१ पुन्हा सुरू करणे हितावह नाही. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ला विंडोजमधील याच आवृत्तीच्या त्रुटीतून पसरला होता.

त्यानंतर सेवा सुरू आहे का, हे तपासावे. सांबाच्या मांडणीतील चुका ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा दाखवते. फायरवॉलमध्ये सांबासाठी ४४५ आणि एनएफएससाठी २०४९ क्रमांकाचे पोर्ट केवळ घरच्या नेटवर्कपुरते खुले असावे.

शेवटची पायरी परवानग्यांची. सांबाचे पासवर्ड स्वतंत्र असतात. संगणकात प्रवेश करण्याचा पासवर्ड तेथे आपोआप चालत नाही. तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ आज्ञेने निश्चित करावा लागतो. एनएफएस सर्वसाधारण मांडणीत वापरकर्त्याला नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखते. एकाच व्यक्तीचा क्रमांक एका संगणकावर १००० आणि दुसऱ्यावर १००१ असल्यास फाइल दिसते, पण बदलता येत नाही.

त्रुटीचा संदेशही दिशा दाखवतो. वेळ संपल्याचा संदेश बहुधा जोडणी वा फायरवॉलकडे, जोडणी नाकारल्याचा संदेश बंद सेवेकडे आणि परवानगी नाकारल्याचा संदेश वापरकर्त्याच्या अधिकारांकडे निर्देश करतो. एका वेळी एकच बदल करून पडताळणी केल्यास नेमके कारण हाती लागते आणि अनावश्यक बदल मागे राहत नाहीत.