पिना जुळल्या म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असे नाही

१२एएक्स७ आणि ईसीसी८८ हे दोन्ही व्हॉल्व्ह नऊ पिनांचे. एकाच सॉकेटात चपखल बसतात. तरीही एकाच्या जागी दुसरा चालत नाही. १२एएक्स७चा हीटर दोन भागांचा असून त्याचा मधला जोड नवव्या पिनेवर येतो. ६.३ व्होल्टसाठी चौथी व पाचवी पिन एकत्र जोडतात. ईसीसी८८चा हीटर नेमका याच दोन पिनांमध्ये असतो, म्हणून अशा सॉकेटात तो पेटतच नाही. सॉकेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये या दोन पिनांपैकी एकीची तार सोडवून सॉकेटच्या नवव्या पिनेकडे वळवली की तो उजळतो.

पण काम इथे संपत नाही. १२एएक्स७ची प्लेट ३०० व्होल्ट सोसते, ईसीसी८८ची मर्यादा १३०. ‘आवाज तर छान येतो, मग बिघडले कुठे?’ असे कुणी विचारेल. आवाज ही त्या क्षणाची साक्ष. मर्यादेपलीकडचा व्होल्टेज व्हॉल्व्हचे आयुष्य खात राहतो. अ‍ॅडॉप्टर पिनांची जागा बदलतो, सर्किटमधले रेझिस्टर नव्हे. म्हणून सोल्डरिंगला हात घालण्याआधी दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवून हीटरचा प्रवाह आणि प्लेटचा व्होल्टेज ताडून पाहायलाच हवा.