भोपळ्याला सावली, पानांना ऊन

भोपळा मोठा व्हावा म्हणून त्याच्याभोवतीची पाने काढून फळ उन्हात उघडे करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. साखर तयार होते ती पानांत, आणि देठावाटे ती फळात उतरते. पाने गेली की फळाचा शिधाच तुटला.

कागल परिसरात जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या वेलांची फळे एप्रिलच्या कडक उन्हात फुगतात. ६ मेच्या सुमारास तर येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात साल लवकर निबर होते. आतला गर मात्र वाढतच असतो, त्यामुळे साल तडकू शकते. म्हणून फळावर चार काठ्या रोवून उसाच्या पाचटाचे छप्पर करावे. पाचट फळाला टेकू देऊ नये, वारा खेळला पाहिजे.

कात्री लावायची ती जादा फळांना व आडव्या फांद्यांच्या शेंड्यांना. मुख्य वेलावरचे एक जोमदार फळ ठेवून बाकीची कोवळेपणीच काढावीत. (त्यांची भाजी उत्तम होते!)

२०२३ साली कॅलिफोर्नियात १२४७ किलोंच्या भोपळ्याने जागतिक विक्रम केला. त्याची जात वेगळी, शिवाय उत्तरेकडे उन्हाळ्यातले दिवस लांब. कागलला मोठ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, तर ४५ अक्षांशावर साडेपंधरा तासांचा. तिकडे रात्रीही गार, त्यामुळे श्वसनात साखर कमी खर्च होते.

शाळेच्या बागेत एकाच जातीचे दोन वेल लावून एकावर एकच फळ ठेवावे, दुसऱ्यावर सगळी. दर सोमवारी मुलांनी दोरीने घेर मोजून आलेख काढावा.