घरातील कुत्रा आजारी पडल्यास : तातडीची लक्षणे आणि आपली सुरक्षितता

एखादी उलटी झाली किंवा एका वेळचे अन्न नाकारले, तरी कुत्रा पाणी पीत असेल व नेहमीप्रमाणे हिंडत असेल, तर काही तास लक्ष ठेवणे पुरेसे असते. पुढील लक्षणांत मात्र सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे, जर

• श्वास घेताना कष्ट होत असतील, किंवा हिरड्या पांढऱ्या वा निळसर दिसत असतील.
• पोट फुगून टणक झाले असेल आणि वारंवार उबळ येऊनही काही बाहेर पडत नसेल. जठराला पीळ पडल्याची ही खूण असू शकते. मोठ्या, खोल छातीच्या जातींना हा धोका अधिक असतो.
• झटका 5 मिनिटांहून अधिक टिकला, किंवा एका दिवसात पुन्हा आला.
• जोर करूनही लघवी होत नसेल.
• पिल्लाला सतत उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होत असतील.
• उंदीर मारण्याचे औषध, कीटकनाशक, चॉकलेट, मनुका किंवा माणसांची वेदनाशामक गोळी पोटात गेली असेल. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. औषधाचे वेष्टन सोबत न्यावे.
• उन्हात जोरजोराने धापा टाकून कुत्रा अडखळू लागला असेल. प्रथम सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच न्यावे.

तोंडात हात घालण्यापूर्वी थांबा

लाळ गळत आहे, खालचा जबडा लोंबत आहे, गिळता येत नाही, हे पाहून अनेकांना घशात हाड अडकले असावे असे वाटते. हीच लक्षणे रेबीजचीही असू शकतात. आवाज बदलणे, मागचे पाय लटपटणे, विनाकारण चावणे, अंधाऱ्या कोपऱ्यात लपणे अशी वागणुकीतील बदलाची चिन्हे सोबत असतील, तर संशय अधिक बळावतो. अशा कुत्र्याला औषध पाजू नये व उचलू नये. त्याला एका खोलीत बंद करून, मुलांना दूर ठेवून पशुवैद्यकाला कळवावे.

कुत्रा चावल्यास, ओरखडल्यास, किंवा त्याची लाळ जखमेवर, डोळ्यांत वा तोंडात गेल्यास :

1. जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. डोळे व तोंड केवळ भरपूर पाण्याने धुवावे.
2. हळद, तिखट, चुना, तेल लावू नये.
3. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. गरज असल्यास डॉक्टर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही देतात.
4. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवले जाते. परंतु त्यासाठी लस थांबवू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना सर्व मात्रा घ्याव्यात.

माणसात रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर घेतलेली लस मात्र तो टाळते.

आजच करावे

कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्यावी आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी पुन्हा द्यावी. रात्री उघड्या असणाऱ्या पशुचिकित्सालयाचा क्रमांक घरात ठळक लिहून ठेवावा. अनेक राज्यांत 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते.