बाथरूमच्या कॅबिनेटवरचा ग्रॅनाइट न फोडता कसा काढायचा?

व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही, म्हणून हा लेख.

कॅबिनेट पाण्याने फुगतं, वरचा ग्रॅनाइट मात्र ठणठणीत. कस्टमर म्हणतो, "खालचा खोका बदला, दगड तोच ठेवा." दगड फुटला तर मजुरी गेलीच, वर नवा दगड आपल्या खिशातून. म्हणून हात लावण्याआधी फोटो काढा. बेसिनच्या कापाजवळ जुनी चीर असेल तर कस्टमरला दाखवून कोटेशनवर लिहा, सही घ्या. यात लाज कसली?

आता वजन. 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार ते पाच किलो भरतो. म्हणजे 4 बाय 2 फुटांचा तुकडा 36 ते 40 किलो; बेसिनच्या कापामुळे थोडा कमी. एकट्याने उचलायचा विषयच नाही. दोन माणसं धरूनच रेट सांगा.

अँगल कॉक बंद करा, बादली ठेवून बॉटल ट्रॅप आणि कनेक्शन पाइप सोडवा. बेसिन दगडावर बसवलेलं असेल तर आधी ते उतरवा. मग टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या आत डोकं घाला. क्लिप, स्क्रू सापडले तर काढा. दगड भिंतीत, टाइल्सखाली दाबलेला असेल तर टाइल फोडावी लागेल. त्याचा रेट वेगळा, आणि तो आधीच सांगायचा.

नुसतं सिलिकॉन असेल तर भिंतीकडचा सांधा कटरने पूर्ण कापा. दगड आणि लाकडाच्या मधे पुट्टीचा पातळ पत्रा सरकवत न्या. चिवट असेल तर बारीक स्टीलची तार करवतीसारखी ओढा. कोपऱ्यात पटाशी घालून उचकटू नका! ग्रॅनाइट दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. कापापुढची तीन-चार इंचांची पट्टी तिथेच कडकन जाते. लाकडी पाचरी तीन-चार ठिकाणी, थोड्या थोड्या ठोका.

आणि कॅबिनेट भंगारातच जाणार असेल तर दगडाशी झटापट कशाला? दगडाला खालून टेकू द्या आणि खोक्याचीच वरची कड कापा. चिकटलेलं लाकूड नंतर सावकाश निघतं.

कापाच्या पुढे-मागे सरळ लाकडी पट्टी क्लॅम्पने बांधा. दगड आडवा नाही, काच नेतात तसा उभा न्यायचा, आणि दोन लाकडी पट्ट्यांवर भिंतीला टेकवायचा. परत बसवताना जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर नवीन धरत नाही.