रिकाम्या हाताची विद्या

चेन्नईच्या पश्चिमेस वसलेले आवडी हे गाव 1955 च्या काँग्रेस अधिवेशनामुळे व तेथे संमत झालेल्या समाजवादी समाजरचनेच्या ठरावामुळे एके काळी साऱ्या देशाच्या तोंडी होते. पुढे रणगाड्यांच्या कारखान्यामुळे नाना प्रांतांतील कारागीर व अधिकारी तेथे सहकुटुंब येऊन राहिले. अशा वस्तीत तमिळ, तेलुगू, हिंदी व मराठी बोलणारी मुले एकाच अंगणात खेळतात, आणि त्या सर्वांचे एकदम मनोरंजन करावयाचे झाल्यास गोष्टीगाण्यांपेक्षा खिशातले रुपयाचे नाणे अधिक उपयोगी पडते.

नाणे अदृश्य करण्याच्या सर्वपरिचित प्रयोगाची कृती अशी : डाव्या हाताचा तळवा वर ठेवून अंगठा व बोटे यांच्या टोकांत नाणे कडेने धरावे, ते घेण्यासाठी उजवा हात पुढे यावा, त्याचा अंगठा नाण्याच्या खालून व बोटे वरून जावीत, आणि त्या बोटांच्या आड नाणे झाकले जाताच डावी पकड किंचित सैल करून ते त्याच तळव्यात पडू द्यावे. उजव्या हाताने मात्र रिकामीच मूठ मिटून बाजूस व्हावे. कृती एवढीच, परंतु प्रयोग करणाराची स्वतःची दृष्टी त्या रिकाम्या मुठीमागे गेली नाही, तर सगळी मेहनत वाया जाते, कारण जादूगार जिकडे पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतो. आवडीच्या अंगणात ‘इंगे पारु’, म्हणजे ‘इकडे बघ’, एवढे दोन तमिळ शब्द आले तरी पुरतात; उरलेले काम डोळे करतात. तालमीच्या वेळी आरशासमोर आधी नाणे खरोखरच उजव्या हातात घ्यावे, त्या वेळी मनगट कसे वळते व खांदा कसा हलतो याचे बारकाईने निरीक्षण करावे, आणि मगच खोटे घेणे त्या खऱ्या घेण्याशी बेमालूम जुळेपर्यंत घोटावे. डावा हात लपविण्याची घाई करू नये. त्याला सहज खाली विसावू द्यावे.

या प्रांतास हे कसब मुळीच परके नाही. जुन्या मद्रास इलाख्यातून एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडात गेलेला रामस्वामी तेथे ‘रामो सामी’ या नावाने विख्यात झाला. तलवार गिळणे, तोंडात मणी व घोड्याचा केस घेऊन जिभेनेच माळ ओवणे असे त्याचे खेळ पाहावयास लंडनकर गर्दी करीत. हिंदी कसबी लोकांवर विल्यम हॅझलिट याने लिहिलेला निबंध 1821 मध्ये त्याच्या संग्रहात आला, आणि त्यात चार गोळे एकाच वेळी हवेत खेळविणाऱ्या हातांचे वर्णन करून, इतकी निर्दोष अशी एकही गोष्ट आपल्या हातून होत नाही, अशी कबुली त्या थोर निबंधकाराने दिली आहे. हाताच्या कसबाला विद्वत्तेने दिलेला इतका निर्मळ मान मला दुसरीकडे क्वचितच आढळला. तोच रामस्वामी 1850 मध्ये लंडनमध्ये वारला, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याच्या पत्नीला लोकांकडे मदत मागावी लागली, ही हकिकत वाचून मन विषण्ण होते. 1830 च्या सुमारास मद्रासेतच शेषल नावाचा ब्राह्मण एका दांडीवर हात टेकून अधांतरी बसलेला दिसे. दांडीतून बाहीत व तेथून बैठकीखाली गेलेला लोखंडी आधार हे त्याचे रहस्य असावे, असा पुढे तर्क झाला, आणि त्याच हिकमतीवर आजही युरोपातील चौकांत ‘तरंगणारे’ साधू बसतात.

स्वयंपाकघरातील प्रयोगांना बोटांची इतकी तालीम लागत नाही. कोरड्या नाण्यावर काचेचा पेला ठेवून त्यात पाणी ओतले व वर बशी झाकली, की बाजूने पाहणाऱ्यास नाणे नाहीसे होते. नाण्याकडून येणारे किरण पाण्यातून पेल्याच्या भिंतीवर आदळून आतच परावर्तित होतात. नाणे व पेल्याचा तळ यांमध्ये पाण्याचा पातळ थर राहिला, तर मात्र ते खुशाल दिसत राहते. हळदीत रंगवून वाळविलेला रुमाल चुन्याच्या निवळीत बुडविला की लाल होतो, आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा.

हीच हळद व हाच चुना घेऊन भोंदू लोक ‘रक्त’ काढून दाखवितात व भोळ्या माणसांना लुबाडतात. तमिळनाडूत पोदनूरला राहणारे बी. प्रेमानंद यांनी आणि महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असले चमत्कार गावोगाव करून दाखविले व लगेच त्यांची उकलही सांगितली. दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्यासारख्या रंगमंचीय कलावंताने आपले रहस्य राखावे, यात मला गैर वाटत नाही, कारण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकास आपण खेळ पाहतो आहोत हे ठाऊक असते. कोणाच्या दुखण्याचा वा भयाचा तेथे सौदा होत नाही.

म्हणून मुलांना शिकविताना हळदीचे व पेल्याचे गुपित प्रयोग संपताच निःसंकोच सांगावे, त्यांच्याकडून ते करवूनही घ्यावे. नाण्याचे गुपितही मागणाऱ्यास अवश्य द्यावे. ते कळल्यावर एखादे पोर आठवडाभर आरशासमोर उभे राहते, एखादे दुसऱ्या दिवशीच विसरते. जे आरशासमोर उभे राहते, त्याला पहिल्या प्रयोगाच्या वेळी एवढेच बजावावे, की प्रेक्षकांना समोर बसव, डाव्या बाजूस कोणाला येऊ देऊ नकोस, आणि ‘पुन्हा कर’ असा कितीही गलका झाला तरी तोच खेळ त्याच मंडळींपुढे लगेच करू नकोस.