बाळाचा बाप्तिस्मा: आधी वचन, मग जेवण

आज बोलू या बाळाच्या बाप्तिस्म्याविषयी. कारखान्यांतल्या कामासाठी वसई, नगर, गोवा, केरळ अशा ठिकाणांहून आलेली कॅथलिक कुटुंबं आपल्या आकुर्डीत राहतात. शेजारी म्हणून आपल्याला बोलावणं येतं. आपण जातो, केक खातो. पण चर्चमध्ये जे झालं त्याचा अर्थ काय, हे विचारायचं राहून जातं. आणि बाळाच्या घरी काळजी वेगळीच: हॉल कुठला, पानं किती, गावाकडचे कधी येणार?

या जमवाजमवीत बाप्तिस्मा वर्षभर लांबतो. चर्चचा नियम मात्र सांगतो, की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो करावा. हॉल आणि केटरर यांची अट कुठेच नाही. लागतं ते एवढंच: आईवडिलांपैकी निदान एकाची संमती, बाळाला त्या श्रद्धेत वाढवण्याची तयारी आणि एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता. दोघं असली तरी चालतात.

विधी दारापासून सुरू होतो. फादर विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत? मग फादर, आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. बायबलचं वाचन होतं. मोठी माणसं बाळाच्या वतीने वाईटाचा त्याग करतात आणि श्रद्धा कबूल करतात. नंतर डोक्यावर तीनदा पाणी. टाळूला सुगंधी पवित्र तेल, अंगावर पांढरं वस्त्र आणि शेवटी पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती घरच्यांच्या हाती. ती ज्योत जपणं हेच खरं काम, आणि ते त्या दिवशी संपत नाही.

म्हणून धर्ममातापिता निवडताना मान-पान किंवा भेटवस्तू पाहू नये. ती व्यक्ती कॅथलिक, साधारणपणे 16 वर्षं पूर्ण झालेली आणि दृढीकरण झालेली असावी. बाळाचे आईवडील स्वतः चालत नाहीत. नगरकडच्या काही घरांत एक बाजू प्रोटेस्टंट असते. तिकडचा बाप्तिस्मा झालेला मामा धर्मपित्याऐवजी साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, पण सोबत एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता हवी. हिंदू मैत्रिणीला हे पद मिळत नाही. तिने मनाला लावून घेऊ नये. बाळाला कडेवर घ्यायला आणि आईच्या पाठीशी उभं राहायला पदाची गरज नसते.

दिवसाचाही पेच असतो. बाप्तिस्मा शक्यतो रविवारी करतात आणि आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. तेव्हा शिफ्ट बदलून घ्यायची असेल तर फादरांशी आधीच बोलून तारीख ठरवावी.

कागदांचंही पाहा. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत महापालिकेत करावी. चर्चच्या नोंदवहीत नाव लिहिताना स्पेलिंग जन्मदाखल्याप्रमाणेच सांगावं. बाप्तिस्म्याचा दाखला पुढे पहिल्या कम्युनियनला आणि लग्नाला लागतो.

आता जेवण. कुणाकडे फुगे आणि मटण, कुणाकडे केक आणि चहा. दोन्हींत आनंद सारखाच. पण टाके ओले असलेल्या बाईने पन्नास माणसांचं रांधायचं, हे आम्हाला पटत नाही. शेजारणींनी एकेक पदार्थ वाटून घ्यावा. त्या दिवशी आईच्या हातात बाळ असू द्या, झारा नको. गावाकडच्यांसाठी मोठं जेवण पहिल्या वाढदिवसाला घालता येतं. कर्ज काढून घातलेलं जेवण पाहुणे विसरतात, हप्ते मात्र आईबापांना फेडावे लागतात.

तुमच्या चाळीत, सोसायटीत असं बोलावणं आलं तर जरूर जा. भेट काय न्यावी हा प्रश्न पडला, तर भाजीचं एक पातेलं न्या.